जिनिव्हाच्या फाटकावरची सूचना कोणासाठी लिहिलेली असते?

संयुक्त राष्ट्रांच्या जिनिव्हा कार्यालयात बैठकीला जाणाऱ्यांसाठी एक सूचनापत्र असते. भाषा अगदी सरकारी. प्रवेश प्रेन्यी फाटकातून, म्हणजे आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीच्या समोरून. नोंदणी आधी ऑनलाइन करावी. मूळ ओळखपत्र सोबत असावे. सामानाची तपासणी होईल, मोठ्या बॅगा आणू नयेत. फलक, घोषणा, निदर्शने आवारात चालणार नाहीत. इमारतीचे नूतनीकरण चालू असल्याने सभागृह आणि दरवाजा ऐनवेळी बदलू शकतो.

अशा कागदावर लेख काय लिहायचा, असे कोणालाही वाटेल. ज्याला जायचे आहे तो वाचेल, बाकीच्यांना त्याचे काय? मला मात्र वाटते की मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याइतकेच हे सूचनापत्रही आपल्या तरुणांनी वाचायला हवे. जाहीरनामा सांगतो की सगळ्यांना हक्क आहेत. ते हक्क मागायला प्रत्यक्षात कोण पोहोचू शकतो, हे सूचनापत्र सांगते.

आधी मोठ्या माणसांचे पाहू. संयुक्त राष्ट्रांचे मुख्यालय न्यूयॉर्कला आहे, म्हणजे अमेरिकेच्या जमिनीवर. उद्या अमेरिकेला न आवडणाऱ्या माणसाला तिथे जायचे असेल तर काय, हा प्रश्न सुरुवातीलाच आला होता. म्हणून १९४७ साली अमेरिका आणि संयुक्त राष्ट्रे यांच्यात मुख्यालय करार झाला. सदस्य देशांचे प्रतिनिधी, संयुक्त राष्ट्रांनी बोलावलेले लोक, सल्लागार दर्जा असलेल्या स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी यांच्या मुख्यालयात येण्याजाण्यात अडथळा आणायचा नाही आणि लागणारा व्हिसा विनाशुल्क, शक्य तितक्या लवकर द्यायचा, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. तरीही १९८८ साली यासर अराफात यांना अमेरिकेने व्हिसा नाकारला. तेव्हा आमसभेने १५४ विरुद्ध २ मतांनी ठराव केला आणि पॅलेस्टाइनवरची चर्चा सरळ जिनिव्हाला हलवली. त्या डिसेंबरात अराफात यांनी पॅले दे नासियोंमध्ये भाषण केले. सप्टेंबर २०२५ मध्ये तसेच पुन्हा घडले. महमूद अब्बास आणि त्यांच्या सहकाऱ्यांना व्हिसा मिळाला नाही. या वेळी सभा हलली नाही. १४५ विरुद्ध ५ मतांनी त्यांना व्हिडिओवरून बोलू देण्याचे ठरले आणि ते पडद्यावरून बोलले.

एका राष्ट्राच्या नेत्यासाठी निदान मतदान तरी होते. भिवंडीच्या यंत्रमाग कामगारांमध्ये काम करणाऱ्या एखाद्या कार्यकर्त्याचा किंवा बीडच्या ऊसतोड मजूर बायकांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या मुलीचा व्हिसा नाकारला गेला, तर आमसभेत ठराव येत नाही. तिच्या पासपोर्टसोबत एक छापील कागद परत येतो, त्यावर कारणांची यादी असते आणि एका चौकोनात खूण केलेली असते. बस.

जिनिव्हाला जायचे तर शेंगेन व्हिसा लागतो. (स्वित्झर्लंडची गंमत अशी की इतकी वर्षे संयुक्त राष्ट्रांचे घर सांभाळून तो देश स्वतः सदस्य झाला तो २००२ साली.) प्रौढांसाठी व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे, आजच्या दराने नऊ हजार रुपयांच्या पुढे. व्हिसा केंद्राचा सेवाआकार वेगळा. अर्ज फेटाळला तरी पैसे परत नाहीत. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो करावाच लागतो. ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवासविमा हवा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांतला हवा, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा हवा, त्यात दोन पाने कोरी हवीत. इथपर्यंत धावपळ करून जमते. पुढे खातेउतारे, आयकर विवरणपत्र, नोकरीच्या ठिकाणचे रजेचे पत्र. म्हणजे तुम्ही परत याल याचा पुरावा. घरी आई आहे, लहान भावंडे आहेत, मोहल्ल्यात अभ्यासिका चालवतो, हा परत येण्याचा पुरावा धरला जात नाही. रोजंदारीवर काम करणाऱ्याकडे रजेचे पत्र कुठून येणार? आणि नेमक्या त्याच माणसाकडे सांगण्यासारखे जास्त असते.

याच नियमांत एक ओळ आपल्या तरुणांच्या कामाची आहे आणि ती फारशी कोणाला माहीत नसते. शेंगेन व्हिसा संहितेनुसार, ना-नफा संस्थांनी भरवलेल्या परिषदा, चर्चासत्रे, क्रीडा, सांस्कृतिक किंवा शैक्षणिक कार्यक्रमांना जाणारे ना-नफा संस्थांचे प्रतिनिधी पंचवीस वर्षांचे किंवा त्याहून लहान असतील तर व्हिसाशुल्क माफ आहे. तुमचा कार्यक्रम त्यात बसतो का, ते अर्जाआधी लेखी विचारा. एजंट हे सांगेलच असे नाही.

आता नावाचा प्रश्न. वर्षानुवर्षे आपल्या घरांत कोणी तो गंभीरपणे घेत नाही, आणि तोच फाटकावर आडवा येतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'शेख', त्याचे इंग्रजी स्पेलिंग एका ठिकाणी एक, आधारवर दुसरे, पदवीवर तिसरे. कोणाचे आडनाव आधी, कोणाचे शेवटी. 'बी' आणि 'बेगम' कुठे जोडलेले, कुठे गळालेले. मुलीचे लग्नाआधीचे नाव एका कागदावर, नंतरचे दुसऱ्यावर. कोणाच्या पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामीच. बैठकीचा बॅज पासपोर्टवरच्या नावानेच मिळतो, संस्थेचे शिफारसपत्र त्याच नावाचे लागते, विमा आणि तिकीटही. एका अक्षराचा फरक पडला की खिडकीपलीकडचा माणूस संगणकाकडे पाहत राहतो. हा काही आपल्यावरचा खास अन्याय नाही, आदिवासी आणि भटक्या समाजांतल्या मुलांनाही हीच अडचण येते. पण आपल्यासाठी ती नेहमीचीच आहे, आणि बारावीच्या वर्षीच पाचशे-हजार रुपये आणि दोन हेलपाटे खर्चून ती मिटवता येते. पासपोर्टचे नेहमीचे शुल्क १५०० रुपये आहे. लग्नाच्या पत्रिकांवर आपण याहून अधिक घालवतो.

व्हिसा मिळाला म्हणजे फाटक उघडले असे नाही. मानवाधिकार परिषदेच्या बैठकीला बसायचे तर संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेचा सल्लागार दर्जा असलेल्या संस्थेने तुमचे नाव पाठवायला हवे. जगात असा दर्जा सहा हजारांहून अधिक संस्थांकडे आहे. तो द्यायचा की नाही हे ठरवणारी समिती एकोणीस देशांची आहे, आणि त्यातला एखादा देश दर बैठकीत नवा लेखी प्रश्न विचारून अर्ज वर्षानुवर्षे लोंबकळत ठेवू शकतो. 'इंटरनॅशनल दलित सॉलिडॅरिटी नेटवर्क' या संस्थेचा अर्ज असाच सुमारे पंधरा वर्षे अडकून होता. प्रश्न विचारणाऱ्यांत आपलाच देश पुढे होता. डिसेंबर २०२२ मध्ये तो एकदाचा मंजूर झाला. जातीबद्दल जगाच्या व्यासपीठावर कोणी बोलायचे, याचे उत्तर पंधरा वर्षे एका अर्जाच्या फाइलीत पडून होते. ज्या राज्याने या देशाला आंबेडकर दिले, तिथल्या वर्तमानपत्रांतून याची किती बातमी झाली, ते प्रत्येकाने आठवून पाहावे.

आणखी एक फाटक घराजवळ असते. खुर्रम परवेझ हे काश्मीरमधले मानवी हक्क कार्यकर्ते सप्टेंबर २०१६ मध्ये मानवाधिकार परिषदेच्या सत्रासाठी निघाले होते. त्यांच्याजवळ व्हिसा होता. दिल्ली विमानतळावरून त्यांना परत पाठवले गेले आणि त्यानंतर दोन दिवसांत अटक झाली. संयुक्त राष्ट्रांशी सहकार्य केल्याबद्दल ज्यांना त्रास दिला जातो त्यांच्याविषयी महासचिव दरवर्षी अहवाल काढतात. असा अहवाल दरवर्षी काढावा लागतो, यातच काय ते आले. मुख्यालयाचे सूचनापत्र 'वेळेवर पोहोचा' म्हणते. निघूच दिले नाही तर काय, यावर त्यात ओळ नाही.

मग इतका आटापिटा कशासाठी? तिथे जाऊन मिळते काय? मानवाधिकार परिषदेच्या सर्वसाधारण चर्चेत स्वयंसेवी संस्थेला बोलायला मिळतो दीड मिनिट. वर बार्सेलोने रंगवलेले ते प्रसिद्ध छत, खाली अर्धे प्रतिनिधी मोबाइलमध्ये, आणि घड्याळ नव्वद सेकंद मोजत असते. वेळ संपली की माइक बंद. काही जण हे दीड मिनिट संपवतात, बाहेर तीन पायांच्या त्या मोडक्या खुर्चीसमोर फोटो काढतात आणि पुढची दोन वर्षे 'जिनिव्हाला बोलून आलो' म्हणून सत्कार घेतात. हा प्रकार आपल्या संस्थांत आहे, उगाच नाकारू नये. ती बारा मीटर उंच खुर्ची सुरुंगांनी पाय गमावलेल्या माणसांसाठी १९९७ साली उभी केली. तिच्या पायथ्याशी आपण आपले नाव मोठे करतो.

तरीही तिथे असण्याला किंमत आहे. ते कसे, हे मुंबईच्या एका बाईच्या उदाहरणावरून पटते. हंसा मेहता मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात होत्या, संविधान सभेत होत्या, आणि संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार आयोगावर भारताच्या प्रतिनिधी होत्या. जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात 'ऑल मेन' असे शब्द होते. पुरुष म्हणजे माणूस, हे गृहीत. हंसाबाईंनी हरकत घेतली आणि अंतिम मजकुरात 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' आले. दोन शब्दांचा बदल. पण तो पत्राने झाला नसता. मसुद्यावर वाद चालू असताना टेबलाशी एक बाई बसलेली होती म्हणून तो झाला. सभागृहाबाहेरच्या मार्गिकेत, कॉफीच्या रांगेत, एखाद्या देशाच्या कनिष्ठ अधिकाऱ्याशी पाच मिनिटे बोलताना जे साधते, ते दीड मिनिटांच्या भाषणाने साधत नाही. जाणारे सगळे हेच सांगतात.

पण टेबलाशी कोण बसले, हेही पाहायला हवे. हंसाबाई बडोद्याच्या दिवाणांच्या कन्या. त्याआधी, १९३७ साली लीग ऑफ नेशन्सच्या असेंब्लीचे अध्यक्षपद ज्यांना मिळाले ते आगाखान तिसरे तर इस्माइली खोजांचे इमाम. पुण्यातला आगाखान पॅलेस त्यांचाच, आणि १९५७ साली त्यांचा अंतकाळ झाला तो जिनिव्हाजवळच्या व्हर्स्वा गावात. म्हणजे आपल्या भागातली माणसे, त्यात एक मुसलमानही, त्या शहरात फार पूर्वी पोहोचली होती. त्यांना खातेउतारे मागितले गेले नसतील. आज ऐंशी-नव्वद वर्षांनी प्रश्न हा आहे की मालेगावच्या मोमीनपुऱ्यातली मुलगी तिथे पोहोचू शकते का. पॅले दे नासियोंच्या आवारात मोर हिंडतात. ती जमीन देणाऱ्याची तशी अटच होती असे सांगतात. मोरांना बॅज लागत नाही.

महामारीच्या दोन वर्षांत एक चमत्कार घडला होता. प्रवास बंद म्हणून मानवाधिकार परिषदेने संस्थांना व्हिडिओवरून निवेदन करू दिले. व्हिसा नाही, विमा नाही, तिकीट नाही, विमानतळ नाही. गावातल्या खोलीत बसून माणसे जगापुढे बोलली. मग महामारी ओसरली. पुढे संयुक्त राष्ट्रांकडे पैशांची टंचाई झाली. २०२३च्या डिसेंबरात तर खर्च वाचवण्यासाठी पॅले दे नासियों तीन आठवडे बंदच ठेवले होते. दूरस्थ सहभागाला आमसभेची रीतसर मान्यता नाही आणि पैसाही नाही, असे सांगून ही सोय आखडती घेण्यात आली. पैशांची अडचण खोटी नव्हती. सदस्य देश वर्गणी वेळेवर भरत नाहीत, त्यात मोठी राष्ट्रेच पुढे. पण कात्री कुठे लावली ते पाहा. ज्यांच्या राजदूतांच्या गाड्या फाटकातून आत जातात त्यांचे काही बिघडले नाही. जो व्हिडिओशिवाय येऊच शकत नव्हता, तो वगळला गेला. अब्बास यांच्यासाठी पडदा लावता येतो, तर तंत्रज्ञान आड येत नाही हे उघड आहे. मानवाधिकार परिषदेच्या प्रत्येक सत्रात दूरस्थ निवेदनाची कायमची सोय असावी, ही मागणी भारतातल्या संस्थांनी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाकडे लेखी करायला हवी. असा ठराव देशच मांडू शकतात.

तोपर्यंत माझे मत असे, आणि काही मित्रांना ते आवडत नाही, की तरुणांनी आधी कागद पाठवावा आणि माणूस नंतर. दर साडेचार-पाच वर्षांनी प्रत्येक देशाच्या मानवी हक्क स्थितीचा आढावा होतो. भारताचा मागचा आढावा नोव्हेंबर २०२२ मध्ये झाला. त्यासाठी कोणतीही संस्था निवेदन पाठवू शकते, सल्लागार दर्जा लागत नाही, शुल्क लागत नाही. एकट्या संस्थेला २,८१५ शब्द, एकत्र येऊन लिहिले तर ५,६३०. महिला हक्कांच्या, वंशभेदविरोधी, बालहक्कांच्या करारांवर भारताची सही आहे आणि त्या करारांच्या समित्या संस्थांचे पर्यायी अहवाल घेतात. त्या बैठकांना बसायलाही दर्जाची सक्ती नाही. विशेष प्रतिवेदकांकडे तक्रार घरबसल्या करता येते. यातले काहीच आपण पुरेसे वापरत नाही. कारण त्यात फोटो नाही, आणि मेहनत भरपूर आहे. कुठल्या तालुक्यात, कुठल्या तारखेला, किती माणसांना, कोणत्या आदेशाने, हे सगळे जमवावे लागते.

भाषेची अडचण खरी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अधिकृत भाषा सहा: अरबी, चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन, स्पॅनिश. मराठी नाही, उर्दू नाही, हिंदी नाही. पण दोन भाषांत लिहिणारी-वाचणारी पिढी आता आपल्याकडे आहे. मराठीत घेतलेल्या साक्षी नेमक्या इंग्रजीत उतरवणारी चार मुले प्रत्येक जिल्ह्यात सापडतील. जिनिव्हाच्या एका तिकिटाच्या पैशांत त्यांचे वर्षभराचे मानधन निघते.

आणि ज्यांना खरोखर जायचे आहे त्यांनी जरूर जावे. फेब्रुवारी-मार्च, जून-जुलै, सप्टेंबर-ऑक्टोबर अशी परिषदेची तीन सत्रे असतात. तारीख कळली की त्याच आठवड्यात व्हिसाची वेळ घ्या, निमंत्रणाच्या पत्राची वाट पाहत बसू नका, त्यासाठी रोज मेल करा. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहरा नोंदवण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, तेव्हा विमानतळावरचा एक तास हातचा धरा. जिनिव्हा विमानतळावरून कॉर्नाव्हाँ स्टेशन आगगाडीने सात मिनिटांवर आहे, सामान तिथल्या लॉकरमध्ये ठेवा. हॉटेल किंवा हॉस्टेलात उतरलात तर शहरातल्या बस-ट्रामचे कार्ड मोफत मिळते, ते मागून घ्या. भाडे परवडत नसेल तर सीमेपलीकडच्या फ्रेंच गावात राहता येते, व्हिसा तोच चालतो, मात्र ते मोफत कार्ड मिळत नाही. ट्राम १५ नेशन्स चौकात सोडते. समोर दिसणारे झेंड्यांचे फाटक तुमच्यासाठी नाही, वर चढावर प्रेन्यीकडे चालायचे. जुम्म्याच्या नमाजसाठी पेती-साकोनेची मशीद जवळच आहे, १९७८ पासूनची. करार समितीच्या बैठकीला जात असाल तर ती तलावाकाठच्या पॅले विल्सनमध्ये आहे का, हे आदल्या संध्याकाळी पाहून ठेवा, नाहीतर सकाळ चुकीच्या फाटकावर जाईल. नोंदणीत नाव पासपोर्टवर जसे आहे तसेच, अक्षर न अक्षर लिहा. आणि बोलायचे कागद दोन प्रतींत न्या, एक पिशवीत, एक खिशात.